माळेतली तिसरी पेटी

कमलेशने वायरी जोडल्या त्या भल्या बुद्धीने, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नंतर काय, जो तो शहाणा झाला.

साजगावच्या त्या रंगाईच्या कारखान्यात आठ टाक्या. प्रत्येकीवर गरम पाण्याचा व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्हशेजारी एक छोटी पेटी. हे सगळं बसवलं हर्षलाने. डिप्लोमा झालेली पोर. तिला शिकवायला तिच्या थोरल्या भावाने, कमलेशने, हाडाची काडं केली. तो तिथेच फिटर. पोशीरहून दोघं एकाच मोटारसायकलवर यायची.

आठही पेट्या एकाच माळेत ओवलेल्या. ऑफिसातला कंट्रोलर एकामागून एक आठ हुकूम सोडायचा. नवा हुकूम आला की पेटी हातातला जुना पुढच्या पेटीकडे ढकलायची. आठ सुटले की ज्याचा त्याला पोचलेला. पेटीला स्वतःचं नाव नाही, नंबर नाही. रांगेतली जागा हीच तिची ओळख.

एक दिवस तिसरी पेटी जळाली. तिच्या पुढच्या सगळ्या मेल्या, काम अडलं, सुपरवायझर बोंबलायला लागला. हर्षला नेमकी रजेवर. आता गावच्या गणपतीचं लायटिंग दरवर्षी कमलेशकडेच. माळेतला बल्ब गेला की काढायचा, दोन्ही टोकं पिळून जोडायची, माळ पुन्हा पेटते. त्याने तेच केलं. पेटी काढली, वायरी जोडल्या, तिसऱ्या टाकीचा व्हॉल्व्ह हाताने आवळून बंद केला. पुढच्या पेट्यांचे दिवे लागले. सुपरवायझरने पाठ थोपटली.

पण हुकूम आठच सुटत राहिले आणि पेट्या उरल्या सात. तिसरीचा हुकूम चौथीला, चौथीचा पाचवीला! पाचव्या टाकीत सफाईचा कामगार गजा उतरला होता, बुडाचा रंग खरवडायला. प्रोग्रामात पाचवी बंद होती, चौथी चालू. उकळतं पाणी आलं ते गजाच्या अंगावर. बिचाऱ्याचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत सोलून निघाले.

"चूक कुणाची? तुझ्या प्रोग्रामची की फिटरची?" मालक प्रवीणशेठने केबिनमध्ये हर्षलाला विचारलं. "सरकारी चौकशीत मला कुणाचं तरी नाव द्यावं लागणार."

भावाला वाचवायचंच असं ठरवून ती आत गेली होती. "शेठ, मी पेट्या बसवतानाच म्हणाले होते, शेवटच्या पेटीपासून एक वायर कंट्रोलरकडे परत आणू. माळेतून परत काय येतंय ते बघून त्याला कळलं असतं की एक पेटी कमी आहे. लगेच सगळे व्हॉल्व्ह बंद करता आले असते. तुम्हीच म्हणालात, चालतंय ना, मग कशाला?"

एवढं जीव तोडून सांगितलं आणि शेठने उचललं काय? "म्हणजे पेटी कमी झाली म्हणून हे घडलं. मग ती काढली कुणी?"

कमलेशवर खापर फुटलं, त्याच दिवशी त्याला घरी बसवलं.

आणि पुढची कमाल ऐका. शेठने फर्मावलं, ती वायर आता टाकून घ्या. टाकणार कोण? "कमलेशलाच बोलाव, रोजावर. त्याच्यासारखा हात कुणाचा नाही." माणसाने निर्लज्ज असावं तरी किती!

कमलेश आला. घर चालवायचं होतं, मान-अपमान कुठे धरून बसणार? शिडीवर उभा राहून तो वायर ओढत होता, हर्षला खालून सोडत होती.

"हर्षे, हिच्यामुलं कळलं असतं काय गं?"

"हो दादा. मी सांगितलं होतं रे."

"कोनाला?"

"शेठला."

त्याने वायरला चिमटा लावला, खाली बघितलं. "आनि मला?"

हर्षलाने वायरची पुढची गुंडाळी उलगडली.

"रोज माज्या मागं बसून येतेस. एकदा म्हनाली असतीस ना, दादा, माजी ही माळ आपल्या गनपतीसारकी नाय, पेटी काडू नको. लावला असता का मी हात?"

शेठला समजावताना तिने चार वेळा चित्रं काढून दाखवली होती. फिटरला सांगावं, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.