गैरहजर वन्संची चिठ्ठी

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट लहान आहे, पण ऐकताना तुमचाही श्वास अडकेल अशी आहे.

एका इस्पितळाची लाँड्री होती. तिथल्या मुकादमबाईला फोनवर न्यायाची, स्वातंत्र्याची व्याख्यानं फुकट सापडली होती. चादरींना इस्त्री करता करता ती मोठ्याने लावायची. दमडी न घेता इतकं बोलणाऱ्या त्या माणसाचं नाव बायकांनी 'फुकटे गुरुजी' ठेवलं होतं. गुरुजींचं निरूपण चोख, पण कीर्तनकारासारखं गोष्टीचं आख्यान ते कधी लावायचे नाहीत. ते आख्यान या बायकांच्या वाट्याला आलं.

झालं असं की वाफेचा नवा प्रेस आला आणि मालकाने तो बॉयलरशेजारच्या कोंदट कोपऱ्यात बसवला. महिनाभर तिथे कोण उभं राहणार ते दुपारपर्यंत ठरवा, म्हणाला. एरवी असलं काम नव्या बाईच्या गळ्यात पडायचं. पण आदल्याच दिवशी गुरुजींनी सांगितलं होतं, की नियम करताना आपल्या वाट्याला काय येणार हे ठाऊकच नाही असं धरावं. मुकादमबाईने तेच केलं. आधी नियम ठरला: जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिने उभं राहायचं; अदलाबदल नाही, कुरकुर नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग चिठ्ठी उचलली.

निघाली वन्संची. वन्सं म्हणजे मुकादमबाईची थोरली नणंद, याच लाँड्रीत कामाला. त्या तेव्हा तिथे नव्हत्याच. दम्याचं औषध आणायला गेल्या होत्या.

त्या परतल्या तशी कोणी मान वर करेना. बोलून चिमटे काढते म्हणून जिला सगळे चिमटाच म्हणत, ती तेवढी पुटपुटली, की आता बघू घरच्या माणसाला काय सवलत मिळते. वन्संनी काय ठरलं ते ऐकून घेतलं आणि मुकाट्याने कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

प्रेस उघडला की वाफ थेट तोंडावर. पहिली चादर झाली, दुसरी झाली. तिसरीला त्यांच्या छातीतली शिट्टी बॉयलरच्या घरघरीतूनही ऐकू येऊ लागली. मुकादमबाईचा हात थांबला. सोडवावं तर पक्षपात, न सोडवावं तर वन्संच्या जिवाशी खेळ. आणि नियम तर तिचाच. जळका वास आला तेव्हा तिला कळलं, आपली इस्त्री चादरीवरच राहिली होती.

तिने जाऊन प्रेसचं बटण बंद केलं.

"का हो? नणंद निघाली म्हणून?" चिमटा म्हणाली.

"नियम केला तेव्हा आपण साऱ्या धडधाकट होतो. जागा कुठली येईल ते माहीत नाही असं धरलं. छाती कुणाची येईल, ते नाही धरलं. आणि जिची छाती अशी, ती खोलीतच नव्हती."

वन्संनी धापा टाकत तिचा हात धरला. "वहिनी, माझ्यासाठी शब्द फिरवू नकोस. सगळ्या तुलाच खातील."

"खाऊ देत. नवा नियम होईपर्यंत इथे मी उभी राहते. तुम्ही खिडकीशी बसा, आणि या वेळी आधी तुम्ही बोला."

बटण पुन्हा चालू करून ती प्रेसपाशी उभी राहिली. कोणी हललं नाही. वाफ पुन्हा उठली. तिचा चेहरा लालबुंद झाला, तरी ती चादरीमागून चादर घालतच होती. शेवटी चिमट्याने आपली इस्त्री उभी केली.

"नव्या नियमात माझा दुखरा गुडघा धरणार का?"

"धरू."

"मग तासातासाने पाळी लावा, आणि ज्यांना झेपत नाही त्यांना घड्या घालायला द्या. मालकाला भिंतीत झरोका पाडायला सांगायचं, तेही त्यातच घाला."

 एकेक बाई उठून वन्संच्या खिडकीशी जाऊन बसली.

तर मायबापहो, घरात, कामावर काही ठरवायला बसाल आणि सगळ्यांच्या माना एकदम डोलतील, तेव्हा औषध आणायला गेलेल्या त्या वन्संची तेवढी आठवण ठेवा.