पाहुण्यांची मिठी

शाळेत पाहुणे आले की साहेबांना पुढे करत. साहेब म्हणजे तेरा वर्षांचा मुलगा. प्रत्येक वस्तू जागच्या जागी लागते म्हणून घरी पडलेलं नाव. बोलणं बेताचं, मिठी मात्र कडकडून. खरं तर अंगाला हात लावलेला त्याला मुळीच खपत नसे. मिठी शाळेनेच बिस्किटाच्या लालचेवर शिकवली. ऑटिझम असलेलं मूल आपणहून बिलगलं की पाहुणे विरघळत, फोटो निघत, शाळेचा भाव वधारे.

यंदा मिसरूड फुटलं, आवाज फुटला. मिठी तीच. नवी पाहुणी किंचाळली.

"थोडे दिवस घरीच ठेवा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "वयात आलाय. इतर पालकांना काय सांगू?"

आई बसलीसुद्धा नव्हती. "वयात येण्याचं कधी शिकवणार, असं गेल्या वर्षीच विचारलं होतं. तेव्हा म्हणालात, एवढ्यात कशाला नसत्या गोष्टी डोक्यात भरायच्या!"

"ताई, आवाज कमी करा."

"लहान होता तोवर गोंडस, वाढला की गुंड? अंगाने वाढायला तुमची परवानगी घ्यायची होती का?"

"तसं नाही हो. तुम्ही घरी शिकवा, मग बघू."

"शिकवतेय! अंघोळीला दार लावायचं, कपडे खोलीतच बदलायचे, परक्याला लांबूनच हात करायचा. घरी जमतं. इथे दारातच तुमच्या बाई हात पसरून उभ्या!"

आपण किती मायाळू, हे दाखवायला मुख्याध्यापिकांना तेवढंच निमित्त पुरलं. कोपऱ्यात उभ्या साहेबांकडे वळून त्यांनी हात पसरले. "ये रे राजा, माझ्यावर रागावलास?"

साहेबांनी लांबूनच हात वर केला. पसरलेले हात पाहिले. आईकडे पाहिलं. वर केलेला हात खाली आला आणि पाऊल पुढे पडलं.

"हात खाली घ्या!" आई कडाडली. "त्याला नाही, तुम्हाला सांगतेय!"

मुख्याध्यापिकांचे हात टेबलाखाली गेले.

"आधी सगळ्या शिक्षकांना बसवा. हे त्यांनाच शिकवावं लागणार."

"त्यांना वेळ कुठे आहे?"

"मिठी शिकवायला होता ना?"

मुख्याध्यापिका कागद चाळू लागल्या. "बरं, पुढच्या आठवड्यात बघू. तोवर तो घरी—"

"तोवर तो वर्गात." आईने दार उघडलं. "जा रे, तुझा तास चाललाय."

साहेब गेले. आईने खुर्ची ओढली आणि दारातच मांडून बसली.