गाण्यातला दादा

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि आत कॉलेजातली एक मुलगी होती. मेकॅनिकने वरच्या मजल्याचं दार किल्लीने उघडलं, हात देऊन तिला वर ओढून घेतलं, आणि तिच्या टी-शर्टावर त्याला स्वतःचाच चेहरा दिसला. विशीतला, मिसरूड नुकतं फुटलेला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘बूट आले, पाय कुठे?’ मुलगी ‘थँक्यू काका’ म्हणाली आणि जिन्याने उतरून गेली. त्याने हाताचं ग्रीस फडक्याला पुसलं. असं आधीही झालं होतं, आणि स्वतःच्या मरणाची गंमत माणसाला वाटून वाटून किती वाटणार.

ती ओळ गाण्यातली, आणि गाणं त्याच्या धाकट्या भावाचं. मागच्या लढाईच्या वेळी सैन्याकडून घरी एक पिशवी आली. मोठा मुलगा कामी आला असं कळवणारा कागद आणि बुटांचा जोड. धाकटा तेव्हा दोन मित्रांना घेऊन एका गॅरेजात गिटार बडवायचा आणि शेजाऱ्यांच्या शिव्या खायचा. त्या बुटांवरून त्याने गाणं केलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. मोर्च्यांत गायलं, भिंतींवर लिहिलं. लढाई थांबली त्यात या गाण्याचाही वाटा होता म्हणतात. असेलही. पुढे कैद्यांची अदलाबदल झाली आणि गाण्यातला दादा लंगडत घरी आला. सैन्याच्या कचेरीत कुणीतरी भलत्याच पिशवीवर त्याचं नाव टाकलं होतं. तोवर आई गेली होती.

लपवलं असं कुणी नाही. गल्लीला सगळं ठाऊक होतं. बँडचा मॅनेजर म्हणाला, कोणी विचारलं तर सांगू, आणि कोणी विचारलंच नाही. रडून मोकळ्या झालेल्या लोकांना पुन्हा येऊन कोण सांगणार की माणूस जिवंत आहे आणि लिफ्टा दुरुस्त करतो. त्याचं लग्न झालं, केस पिकले. बायको तेवढी अधूनमधून म्हणायची, “हुतात्म्यांनी येताना दूध आणावं.”

आता पुन्हा लढाईची भाषा सुरू झाली होती आणि पोरं पुन्हा तेच गाणं म्हणत होती. सरकारी वाहिनीच्या बातमीदार बाईंना कुठून तरी पत्ता लागला. त्यांनी फोन केला. काही नाही काका, फक्त कॅमेऱ्यासमोर ‘मी परत आलो’ एवढं एक वाक्य बोलायचं. तो हो म्हणून बसला. खोटं थोडंच बोलायचं होतं?

रविवारी सकाळी कॅमेरा यायच्या आधी धाकटा येऊन धडकला. साठी गाठलेला, केस काळेभोर रंगवलेले, गळ्याला मफलर. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर तो अंग टाकल्यासारखा बसला.

“दादा, ते तुला काय विचारणार आहेत माहितेय ना?”

“आलो का म्हणून विचारतील. मी आलो म्हणेन.”

“आणि खाली पट्टी फिरेल, गाणं खोटं होतं. दादा तर घरी आला, तुम्हीही याल, चला. भरतीच्या गाड्या कॉलेजांच्या दारात लागतील.”

“मग काय म्हणू? मेलो म्हणू?”

“इतकी वर्षं तेच तर म्हणताय,” बायको भांडी विसळता विसळता म्हणाली.

धाकटा हसला नाही. “तू काहीच बोलू नकोस. तब्येत बरी नाही म्हण.”

“आजवर गप्पच बसलोय ना?” मेकॅनिक चढ्या आवाजात बोलला नाही, तेवढी ताकद त्याच्यात उरली नव्हती. “चौकात तुझा कार्यक्रम असला की मी घरात. तुझा सत्कार असला की मी घरात. माझे फोटो पोरं छातीवर घेऊन हिंडतात आणि मला काका म्हणतात. कंटाळा आला रे. एकदा तरी जिवंत म्हणून बघू देत मला लोक.”

धाकट्याने मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. “माझ्याकडे ते एकच गाणं आहे, दादा,” तो म्हणाला. त्याने पुढे ढीगभर गाणी केली होती आणि ती कुणी ऐकली नव्हती, हे तिघांनाही ठाऊक होतं. मेकॅनिकला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून रागही आला.

बेल वाजली. धाकटा तिथेच स्वयंपाकघरात थांबला.

बाहेरच्या खोलीत दिवे लागले. बाई तरुण होत्या, बोलायला गोड. त्यांनी शर्टाला माइक लावला, खुर्ची जरा खिडकीकडे वळवली.

“मुख्य वाक्य शेवटी घेऊ, काका. आधी जरा मोकळं बोला. तुम्ही परत आलात तेव्हा घरच्यांना किती आनंद झाला असेल, ते सांगा.”

साधा प्रश्न होता. त्याने तोंड उघडलं आणि गाडी भलत्याच रस्त्याला लागली.

“बसस्टँडवर उतरलो,” तो म्हणाला. “गावातली बस पकडायची होती. एका टपरीवर रेडिओ चालू होता. आवाज ओळखीचा वाटला म्हणून थांबलो, तर आमचा धाकटा. मी मेलो म्हणून गात होता. मला हसू आलं. म्हटलं, घरी जातो आणि याच्या कानाखाली वाजवतो. बूट कुणाचे होते देव जाणे. कुणाचे तरी होतेच ना, ते त्या दिवशी सुचलं नाही.”

“मग?”

“मग दुसरं कडवं लागलं.”

त्याला गाता येत नव्हतं. हिशेब सांगावा तसे त्याने शब्द सांगितले.

“दोऱ्याने बांधला चष्मा, कालपासून फळीवर. वाट बघणारीच गेली, वाट उरली दारावर.”

बाईंनी मान हलवली. हे कडवं त्यांनाही पाठ होतं, सगळ्यांनाच होतं.

“आईच्या चष्म्याची काडी मोडली होती. तो दोरा मी बांधला होता, निघायच्या दिवशी. म्हटलं, आल्यावर नवा करू. आजूबाजूचे लोक गाण्याबरोबर गुणगुणत होते. एकाने मला सांगितलं, काय भारी गाणं आहे. माझी बस आली. मी धावत सुटायला हवं होतं ना? गेलो नाही. दुसरी आली, तीही सोडली. घाई करून कुणाकडे जायचं होतं?”

बायको भांडी टाकून दारात येऊन उभी राहिली होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिला हे ठाऊक नव्हतं.

बाई म्हणाल्या, “काका, वाईट वाटलं ऐकून. आता ते एक वाक्य घेऊ या? कॅमेऱ्याकडे बघून. ‘मी परत आलो.’”

त्याने कॅमेऱ्याकडे बघितलं. वाक्य तयार होतं, किती दिवस घोकलेलं. पण काही केल्या ते तोंडातून निघेना. जिच्यासमोर जाऊन ते म्हणायचं होतं तिच्यासमोर ते कधी म्हटलंच गेलं नव्हतं.

“नाही जमणार,” तो म्हणाला आणि माइक काढून त्यांच्या हातात दिला. बाईंनी दोनदा गळ घातली, मग वायरी गुंडाळल्या. चहाला थांबल्या नाहीत.

कॅमेरावाले गेल्यावर धाकटा बाहेर आला. त्याचा चेहरा पार उतरला होता. खुर्चीच्या पाठीला धरून तो उभा राहिला.

“मला कधीच बोलला नाहीस, दादा.”

“कधी बोलणार होतो?” मेकॅनिक म्हणाला. “तू गात होतास.”