ऊनसावली नावाचं अक्षर

माघाचं ऊन. भिंगारच्या माळावरून उतरणारं, कोवळं, हळदुलं, कशाचीच घाई नसलेलं ऊन. काळ्या पाषाणाच्या टेकड्यांवर ते टेकलं की अर्धी टेकडी सोन्याची होई, अर्धी काजळाची; आणि ऊन जिथं संपे, सावली जिथं सुरू होई, तिथं केसाएवढी एक रेघ थरथरत राही.

शांतवन कोऱ्हाळे यांनी आयुष्यभर ती रेघ काढली.

त्यांनी घडवलेल्या छपाईच्या अक्षराचं नावच ऊनसावली. जाड रेघ म्हणजे पाषाणाचा उभा खांब. बारीक रेघ म्हणजे कोळ्याच्या जाळ्यावर ओघळलेलं दव. जाडीची बारीक कुठं होते, ते डोळ्यांना सापडू नये. आणि प्रत्येक कान्याच्या तळाशी एक नाजूक पाऊल, भूमीला टेकलेलं, भूमीवर न रेललेलं.

दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर ते अक्षर मिरवलं. पैठणीच्या दुकानांच्या पाट्यांवर झळकलं, कवितासंग्रहांच्या कपाळी बसलं, लग्नपत्रिकांत वधूवरांची नावं होऊन नटलं. जिथं शब्द थोडे आणि जागा मोकळी, तिथं ते राजासारखं बसलं.

त्या दुपारी शांतवन खिडकीशी बसून आपल्याच आडनावातला र काढत होते. कोऱ्हाळे मधला र. ह ला बिलगलेला, पापणीसारखा वाकलेला, मराठीचं खास लेणं. काढून झालेला, छापून झालेला, जगभर गेलेला र ते पुन्हा काढत होते, कारण त्यांच्या मते पापणी अजून मिटत नव्हती.

शेजारी रिबका भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. त्यांची एकुलती लेक. पुण्याच्या महाविद्यालयात साहित्य शिकवणारी, पुस्तकांत वाढलेली, मोजकं बोलणारी.

फोन वाजला. कुण्या औषध कंपनीला बाटल्यांवरच्या सूचनांसाठी ऊनसावली हवी होती. इवल्या आकारात बारीक रेघा उडतात, तेवढ्या जाड करून द्या, असं म्हणणं होतं. शांतवनांनी सगळं ऐकून घेतलं.

"अहो, मोराला कधी नांगराला जुंपतात का?" ते म्हणाले. "तुम्हाला बैलासारखं गुणी अक्षर हवंय. सांगतो ना मी, लिहून घ्या."

मग बराच वेळ ते दुसऱ्यांच्या अक्षरांची तारीफ करत राहिले. फोन ठेवून त्यांनी लेकीपुढं हात पसरला. तिनं मूठभर दाणे दिले. त्या दिवशी याहून काही घडलं नाही.

पहाटे झोपेतच त्यांचं हृदय थांबलं.

चैत्रात कबरेसाठी दगड आला. काळा, नितळ, नगरच्याच मातीच्या पोटातला. धाकटे भाऊ शमुवेलकाका मजकूर लिहून घेऊन आले होते: पदवी, पुरस्कार, चर्चच्या मंडळीतली पदं, पवित्र वचन, शोकाकुल कुटुंबीयांची नावं. आपल्या दादाचं काहीच सुटू नये म्हणून त्यांनी कागदाचे कोपरेही भरले होते.

पाथरवट यलप्पानं कागद पाहिला, दगड पाहिला, अक्षराचा नमुना पाहिला.

"ताई, एवढा मजकूर बसवायचा तर अक्षर बारकं व्हनार. मग ही केसावानी रेघ टिकायची न्हाई, कपचा उडंल. जाड करू का?"

"कर की," काका म्हणाले. "वाचता आल्याशी मतलब."

नमुन्यातली ती पापणी रिबकानं बोटानं झाकून पाहिली, मग उघडी केली. जाड केली तर नाव वाचता आलं असतं. माणूस गेला असता.

तिनं पेन उघडलं. पुरस्कार खोडला. पदवी खोडली. पदं खोडली. वचनापाशी हात अडखळला, कारण ते पप्पांना पाठ होतं. पण तेही खोडलं. शेवटी शोकाकुलांतलं आपलं नाव खोडलं. उरले दोन शब्द. शांतवन कोऱ्हाळे.

"अगं, दादा कोण होता, ते लोकांना कळायला नको?"

"कळेल, काका," रिबका म्हणाली. "यलप्पा, दगडभर मोठं काढा. रेघ आहे तशीच राहील."

काकांनी कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा घातली. "तूही त्याच्यासारखीच," ते म्हणाले. "हट्टी." आणि नाक पुसत पाथरवटाला चहाचं विचारायला लागले.

दगड उभा राहिला तेव्हा अक्षरं ताजी होती, काळ्या अंगावर शुभ्र. पायऱ्यांसारखी रुंद, पात्यांसारखी निमुळती, ताठ मानेची. पलीकडच्या कबरीवर फुलं वाहायला आलेली एक अनोळखी बाई वाट वाकडी करून आली, नावापुढं थांबली, पदर सावरून गेली.

काका फाटकाशी गेले. रिबका एकटी उरली. वाचनाची गोडी कुठून लागली, असं विद्यार्थी तिला विचारत, आणि ती थोरांच्या ग्रंथांची नावं सांगे. खरं उत्तर ज्याचं होतं, त्याला ते कधी दिलंच नव्हतं.

ती मोठ्यानं बोलली, वर्गात बोलावं तसं, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं.

"पप्पा, मी पुस्तकं हातात घेतली ती तुमचं अक्षर बघायला. गोष्टी मला नंतर सापडल्या."