लग्नपत्रिकेची टोपी

मानीबाई त्या दिवशी शेतातून दुपारीच परतली. कापसाच्या बोंडाचं वाळकं टोक नखात शिरून बोट ठसठसत होतं, आणि वेचणीच्या बायांनीच तिला घरी पिटाळलं होतं. तिचा नवरा पूनमसिंग सकाळी गुडघा धरला म्हणून घरी थांबला होता. तो खाटेवर पडून असेल असं धरूनच ती दारात आली.

पूनमसिंग उंबऱ्याजवळच्या उजेडात चांगली मांडी घालून बसला होता. गुडघ्याला काही झालेलं दिसत नव्हतं. जीभ दातांत धरून तो एका चिटोऱ्याला घड्या घालत होता. नखानं घडी दाबायची, उलटायची, पुन्हा दाबायची. त्याची राठ बोटं त्या एवढ्याशा कोपऱ्याला पुरत नव्हती. फसलेले चुरगळे आजूबाजूला पडले होते. बायको समोर उभी राहिली तरी त्याला पत्ता नव्हता.

"काय करून राह्यले?"

तो दचकला. मग बोटाच्या टोकावर ठेवून त्यानं ते तिला दाखवलं. चिंचोक्याएवढी कागदी टोपी, तीन कोनांची, शेंडा पुढे वाकलेला. "टोपी हाय," तो म्हणाला. "गेममधल्या माणसाची. मोबाइलवर पाहून शिकलो."

मानीबाईच्या डोक्यात तिडीक गेली.

"तठी कापूस झाडाले लोंबून राह्यला. मी सुजल्या बोटानं वेचून राह्यली. अन् तुमी अठी टोप्या करून राह्यले? त्या गेममधल्या माणसाले थंडी वाजते का?"

"अवं, ऐकून तं घे."

पण तिचं लक्ष कागदाकडे गेलं होतं. पिवळा, जाड, चकचकीत कागद. तिनं टोपी त्याच्या बोटावरून उचलली आणि डोळ्यांजवळ नेली. काठाच्या घडीत लाल अक्षरं होती. पुढचं-मागचं सगळं घडीत गडप झालं होतं, मधलं नाव तेवढं वर आलं होतं. खुशी.

ती तिच्या मुलाची, राजदीपची लग्नपत्रिका होती. उन्हाळ्यात लग्न ठरलं होतं. महागावात पत्रिका छापल्या, अर्ध्या वाटूनही झाल्या, आणि लग्न तोंडावर आलेलं असताना राजदीप एका पहाटे पुण्याच्या गाडीत बसून निघून गेला. 'मला लग्न नाही करायचं' एवढा मेसेज टाकला आणि नंबर बंद. राळेगावकडच्या खुशीच्या घरी मानीबाई एकटी गेली होती, कारण पूनमसिंगला नेमका त्या दिवशी ताप भरला. खुशीच्या आईनं अंगणात उभं करून तिला वाट्टेल ते ऐकवलं. खुशी एक शब्द बोलली नाही. आतून पाण्याचा तांब्या आणून तिनं मानीबाईच्या हातात दिला, आणि आत गेली. उरलेल्या पत्रिका दोरीनं बांधून माळ्यावर टाकल्या होत्या. त्या जाळायचा धीर मानीबाईला झाला नव्हता.

"त्या पोरीच्या नावाची टोपी केली तुमी?"

"कागद कडक व्हता," पूनमसिंग म्हणाला. "घडी चांगली बसते."

तो खोटं बोलत नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. ती तोंड उघडणार तोच भिंतीतल्या कोनाड्यातून आवाज आला.

"बा? ओ बा, कोठी गेले? मी एकटाच उभा हाय ना पुलावर."

मानीबाई कोनाड्याकडे वळली. तो आवाज तिच्या पोटच्या पोराचा होता.

पूनमसिंग धडपडत उठला, पण तिनं त्याच्या आधी कोनाड्यातला मोबाइल घेतला. पडद्यावर डोंगर होता, पूल होता, पुलावर दोन बुटकी माणसं. एक नुसतंच उभं. दुसरं पिवळी टोपी घालून त्याच्याभोवती उड्या मारत होतं.

"राजदीप," ती म्हणाली.

टोपीवाला जागच्या जागी थांबला. तिकडे कुठंतरी पंखा घरघरत होता.

"याडी," तो म्हणाला. आईला तो याडीच म्हणायचा.

"जिता हाय म्हणजे तू." मग ती नवऱ्याकडे वळली. "कधीपासून?"

"पोळ्यापासून," पूनमसिंग खाली पाहत म्हणाला. "नंबर तं बंदच व्हता त्याचा. या गेममधी सापडला. आधी बोलेच ना. संगं खेळत गेलो, मंग हळूहळू बोलाले लागला. तुले न सांगाची त्यानं शपथ घातली व्हती मले."

"दिवाळीत तांड्यातल्या पोरी दिवे घेऊन मेराचं गाणं म्हणाले दारात आल्या. मी चुलीपाशी तोंड लपवून रडत बसली. तुमी माह्याजवळ बसून म्हणत होते, कोठीही असन, सुखात असन. तुमाले तं ठाऊकच होतं."

"सांगतलं असतं तं तो या गेममधूनही गेला असता, मानी."

"म्हणून मले मरू दिलं रोज."

"याडी, बाची चूक नाई," मोबाइलमधून राजदीप म्हणाला. "मीच म्हणलो व्हतो."

"तू गप्प राह्य. तुह्यावर येऊनच राह्यली मी." तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. पूनमसिंग दोन पावलं मागे सरला. "तुले लग्न नव्हतं करायचं, नको करू. पण तोंड होतं ना तुले? पत्रिका छापायच्या आधी उघडायचं होतं. त्या पोरीच्या अंगणात मी उभी राह्यली. तिची माय बोलत होती, अन् मी ऐकत होती. तवा तू कोठी होता?"

"मले भेव लागलं, याडी."

"तिले नसन लागलं? गावभर पत्रिका गेल्या होत्या तिच्याही."

पडद्यावरचा टोपीवाला पुलाच्या कडेला सरकला.

"माह्याशी नको बोलू आता. आधी खुशीले फोन कर. तिच्या मायले नाई, तिले. ती जे बोलन ते सारं ऐक. मधात बोलू नको, अन् ती ठेवत नाई तवरी फोन ठेवू नको. मंग मले फोन करजो. नसन जमत तं राह्य तठीच, पुलावर."

गेममधला आवाज कसा बंद करतात ते तिला माहीत नव्हतं. मोबाइल तिनं नवऱ्याच्या छातीवर दाबला, आणि टोपी त्याच्या तळहातावर ठेवली.

"उघडा हे."

त्यानं एकेक घडी उलगडली. नाव सुरकुतलं होतं, पण पुरं वाचता येत होतं. मानीबाई शिडी लावून माळ्यावर चढली, दुखऱ्या बोटानं तिनं गठ्ठा ओढून खाली आणला आणि अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीत पत्रिका मूठमुठीनं टाकल्या. चकचकीत कागद लवकर पेटेना. घाण वासाचा धूर निघाला, तिचे डोळे चुरचुरले, तरी शेवटची पत्रिका जाईपर्यंत ती हलली नाही.

"राजदीपचा वाढदिवस हाय," मागून पूनमसिंग म्हणाला. "शेजारच्या उकंडाचा पोरगा उद्या पुण्याले चालला. त्याच्यासंगं पाठवाची व्हती टोपी."

"करा ना. दुसरा कागद घ्या."

त्यानं बिस्किटाच्या पुड्याचा कागद घेतला. तो मऊ होता, शेंडा उभा राहीना. दिवेलागणीपर्यंत तो तिथंच वाकून बसला होता. मानीबाईनं एकदाही तिकडे पाहिलं नाही. ताट वाढून त्याच्यासमोर ठेवलं आणि आपण बाहेर जाऊन बसली. टोपी पाठवायला पूनमसिंगनं पोरासाठी डबा बांधला, त्यात तिनं आपल्याकडून काही घातलं नाही.

काही दिवस तसेच गेले. मग एका संध्याकाळी खुशीचाच फोन आला.

"मावशी, राजदीपचा फोन आलता. मी लय बोलली त्याले."

"सारं बोलली ना?"

"सारं. रडला तो. मी नाई रडली."

"बरं केलं, बाई."

खुशीनं विचारलं, कापूस निघाला का. मानीबाई म्हणाली, निघून राह्यला. फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ पदराचं टोक पिळत बसली होती. त्या पोरीचं चांगलं व्हावं असं तिला फार वाटलं, आणि स्वतःच्या लेकाचा राग नव्यानं आला.

राजदीपचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. तिनं तो अंगणाच्या कडेला जाऊन घेतला. काम कोणतं करतो, खोलीत कोण आहे, हातानं स्वयंपाक करतो का, सगळं तिनं खडसावून विचारलं. त्यानंही पोलिसाला द्यावी तशी उत्तरं दिली. टोपी पोचली, असं तो मध्येच म्हणाला. "ते तुह्या बाले सांग," ती म्हणाली, आणि पुढचं विचारू लागली.

ती परत आली तेव्हा पूनमसिंग दारातच उभा होता. "काय म्हणे पोरगं?"

"माह्याशी बोललं. तुमाले कायले सांगू?"

कमरेला कापूस वेचायची ओटी बांधून ती वावराकडे निघाली. थोड्या वेळानं मागे चपलांचा आवाज आला. पूनमसिंगही येत होता, गुडघ्याचं नाव न काढता. ती थांबली नाही.