रुखवतातली चामड्याची बॅग

पेण तालुक्यात गेल्या बारा वर्षांत ज्या ज्या मुलींच्या रुखवताचं कौतुक झालं, त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलींना सुईत दोरा ओवता येत नव्हता. हे शकूला पक्कं ठाऊक होतं, कारण ती रुखवतं तिने केलेली होती.

सुपारीचे भटजी, मण्यांचं तुळशीवृंदावन, लोकरीची तोरणं, खोबऱ्याच्या वाट्यांची आगगाडी, सगळं शकूच्या दोन खोल्यांतून रिक्षात बसून मांडवात जायचं. तिथे टेबलावर मांडलं, की नवरीची आई पदर सावरून सांगायची, "सगळं पोरीने स्वतःच्या हाताने केलंय हो!" आणि शकू पंगतीत बसून जिलबीचा तुकडा मोडत ते ऐकायची. पेणातल्या बायकांना खरं काय ते माहीत होतं, आणि बाहेर कुणी अवाक्षर काढत नव्हतं. ज्या दिवशी शकू तोंड उघडेल, त्या दिवसापासून तिच्या दारात एकही नवरी पाऊल टाकणार नव्हती, इतका सरळ मामला होता.

आता बोलायचं नाही हे ठरलेलं असलं, तरी वाईट वाटून घ्यायचं नाही असं काही ठरलेलं नव्हतं. शकूला दर लग्नात थोडं वाईट वाटायचं. ते ती मठ्ठ्याबरोबर गिळून टाकायची.

मनालीच्या लग्नात मात्र ते गिळलं जाईना.

मनाली ही गुणाजीची मुलगी. गुणाजी धरमतरच्या खाडीकडे मिठागरावर मुकादम, पण घर पेणात, शकूच्या भिंतीला भिंत लावून. पोरगी लहानपणी शकूकडे जेवून पुन्हा स्वतःच्या घरी जेवायची. तिचं लग्न ठरलं तेव्हा ती शकूच्या मशीनपाशी येऊन म्हणाली, "मावशे, सुपारीचे भटजी नको. मला चामड्याची बॅग हवी. मोठी, खांद्याला अडकवायची. आत अस्तर, वर चेन."

"अगो, मी ब्लाउज शिवते. चांभार नाय मी."

"तू कायपण शिवशील," मनाली म्हणाली, आणि शकू फसली.

पहिलं चामडं तिने वाया घालवलं. बारा वर्षांच्या सवयीने तिने टाचण्या लावल्या, कच्चा टाका घातला, मनाजोगतं झालं नाही म्हणून उसवलं. कापड उसवलं की भोकं बुजतात. चामड्यात गेलेली सुई कायमची गेलेली असते. शकू त्या चाळणी झालेल्या तुकड्याकडे बघून मोजून चार शिव्या हासडून उठली, मोच्याकडून चामडं चिकटवायच्या सोल्युशनची डबी आणली, टाचण्यांच्या जागी कपडे वाळत घालायचे चिमटे लावले, सुई जाड घेतली, टाका लांब ठेवला, शिवण हातोडीने ठोकून बसवली. शेळीचं मऊ तपकिरी चामडं आणि आत हिरव्या खणाचं अस्तर. बॅग झाली तेव्हा शकूने ती खांद्याला अडकवली आणि स्वयंपाकघरापासून दारापर्यंत उगाचच दोन फेऱ्या मारल्या.

लग्नात ती बॅग टेबलाच्या मधोमध होती. मनालीची सासू विमलबाई टेबलापाशी आली. तिचं रोह्याच्या बाजारात बॅगांचं दुकान, राहणं नदीपलीकडे अष्टमीला. नवऱ्याच्या मागे वीस वर्षं ते दुकान तिने एकटीने चालवलेलं. इतर बायकांसारखं तिने "अय्या!" केलं नाही. चेन तीनदा उघडली, मिटली. अस्तर बाहेर ओढून बघितलं. तळाची शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणली.

"हात चांगला हाय," ती म्हणाली. "कुणाचा?"

"मनालीचाच! चार महिने बसली होती," मनालीच्या आईने सांगून टाकलं.

शकू तीन पावलांवर जिलबीचं ताट घेऊन उभी होती. बारा वर्षांत जाणत्या माणसाने तिच्या कामाला पहिल्यांदा चांगलं म्हटलं होतं, आणि ते चांगलं म्हणणं शेजारच्या खुर्चीत बसलेल्या नवरीने हसून खिशात घातलं होतं. शकूला रडू येईल असं वाटलं. तिने ताट ठेवलं आणि हात धुवायला गेली.

पंधरा दिवसांनी मनालीचा फोन आला.

"मावशे, मेले गो मी!"

"काय झालं?"

"सासूबाईंनी चामडं आणलंय. रविवारी त्यांच्या मोठ्या जाऊबाई येतायत. म्हणतात, त्यांच्यासमोर बॅग शिवून दाखव. चांगली झाली तर दुकानात फळी देईन, महिन्याला दहा बॅगा ठेवू."

"मग शिव की."

"कशाने शिवू? तोंडाने?"

शकूच्या कानात एवढंच राहिलं. दुकानात फळी. बाजारपेठेतल्या दुकानात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर.

"मी एक युक्ती काढलीय," मनाली सांगत होती. "मी त्यांना म्हटलं, चामड्याचं काम दार लावूनच करावं लागतं. वारा लागला की चामडं आकसतं."

"वीस वर्षं बॅगा विकणाऱ्या बाईला तू हे सांगितलंस?"

"व्हय. त्या म्हणाल्या, असं का."

"नि माझं काय?"

"तू मावशी म्हणून यायचं. खोलीत बसून शिवायचं. मी हातोडी ठोकेन."

रविवारी सकाळी शकू पिशवीत सुया, चिमटे आणि सोल्युशनची डबी लपवून रोह्याच्या गाडीत बसली. वाटेत तिने दोनदा ठरवलं की उतरून परत जायचं. एकदा नागोठण्याला तर ती उठून उभीही राहिली होती, पण दारात कोंबड्यांची टोपली घेतलेली बाई बसलेली, म्हणून राहिलं. रोह्याला उतरून रिक्षाने पूल ओलांडला आणि अष्टमीला विमलबाईच्या दारात ती उभी राहिली, तेव्हा विमलबाई म्हणाली, "या. लग्नात जिलबी टाकून गेला होतात, तुम्हीच ना?"

शकूला पिशवीतल्या सुया टोचल्यासारख्या झाल्या. "पोट बिघडलं होतं," ती म्हणाली.

ओटीवर मोठ्या जाऊबाई पाय पसरून बसल्या होत्या. बाई भरदार, आवाज त्याहून भरदार. "आमच्या सूनबाईने, सुरभीनेपण रुखवत स्वतः केलं होतं बरं का," त्यांनी आल्या आल्या सांगितलं. "तीपण पेणचीच. लोकरीचं तोरण अजून दाराला हाय आमच्या."

शकूने त्या तोरणाचे मोर दोन रात्री जागून विणले होते. "हो का," ती म्हणाली आणि आत सटकली.

आतल्या खोलीत विमलबाईचं जुनं पायाचं मशीन होतं. दर जूनमध्ये शाळेच्या दप्तरांची दुरुस्ती त्याच्यावर चालायची. मनालीने दार लावलं, कडी घातली. शकूने चामडं बेतलं, कापलं, अस्तर कापलं. चेनच्या एका अंगाला चामडं, त्याच्या पाठीला अस्तर. दुसऱ्या अंगाला तसंच. मशीन खडखडायला लागलं. मनाली कोपऱ्यात बसून फरशीवर हातोडी ठोकत होती.

"हळू गो. फरशी फुटेल त्यांची."

"आवाज नको का व्हायला?"

सगळं नीट चाललं होतं. बाहेरून विमलबाईची हाक येईपर्यंत.

"मनाली, दूध उतू चाललं बघ!"

मनाली झटकन उठली, कडी काढली, धावत स्वयंपाकघरात गेली आणि गॅस बंद केला. ओटीवरून दोघी सासवांना ती समोर दिसत होती, हातात सांडशी घेऊन उभी. आणि आतल्या खोलीत मशीन आपलं खडखड, खडखड चाललेलं.

"गो बाय," मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "तू हितं, मग मशीन कोण चालवतंय?"

मनालीने सांडशीकडे बघितलं, दुधाकडे बघितलं. "मावशी," ती म्हणाली. "तिचे गुडघे दुखतात. डॉक्टरने पायाला व्यायाम सांगितलाय."

विमलबाईने तोंडाला पदर लावला. खोकली म्हणावं, तर खोकल्याचा आवाज आला नाही.

आत शकूने हे शब्दन्‌शब्द ऐकलं. लवकर संपवावं आणि निघावं, एवढंच तिच्या डोक्यात. घाई झाली की हात आपल्या जुन्या वळणावर जातात. ब्लाउज शिवताना शकू शेवटची शिवण घालण्याआधी नेहमी हुकं लावून बघायची, दोन्ही पुढचे भाग सारखे आले का म्हणून. तिने तसंच केलं. चेन ओढून मिटली, दोन्ही बाजू सारख्या आहेत हे बघून समाधानाने मान हलवली, आणि चहूबाजूंनी शिवण घालून टाकली.

मनाली दार लावून परत आली तेव्हा शकू कपाळावर हात मारून बसली होती.

"काय झालं?"

"मेल्ये मी. चेन बंद राह्यली."

अशी बॅग आधी उलटी शिवतात. चामड्याची चांगली बाजू आत, अस्तराची चांगली बाजू आत, आणि अस्तराच्या तळाला वीतभर फट. त्या फटीतून सगळी बॅग ओढून सुलट काढायची. पण मधे चेन आहे, आणि ती उघडी असेल तरच चामडं तिच्यातून बाहेर येणार. इथे चेन मिटलेली, आणि तिचा ओढायचा रनर चामड्याच्या बाजूला, चारी शिवणींच्या आत कोंडलेला. बाहेरून बोट पोचत नव्हतं.

"उसव ना मग."

"भोकं पडतील गो! चामडं हाय हे!"

मनालीने ती उलटी बंद बॅग हातात घेऊन हलवली. आत रनर किणकिणला. तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "घालवतील मला माहेरी," ती म्हणाली.

आणि तेव्हाच दार उघडलं. कडी घालायला मनाली विसरली होती.

विमलबाई आत आली. मशीनवर शकू, खाली बसलेली मनाली, तिच्या मांडीवर हातोडी. विमलबाईने दार पाठीमागे लोटलं, बॅग उचलली आणि एका नजरेत ओळखलं.

"चेन मिटून शिवलीत."

शकू मशीनवरून उठून उभी राहिली.

विमलबाईने ब्लाउजमध्ये अडकवलेलं बॉलपेन काढलं. फटीतून हात घालून मिटलेल्या चेनवर पेनाचं टोक टेकवलं आणि दाबलं. चेन मधोमध फाकली. "नायलॉनची चेन अशी उघडते. एस्टीत चोर अशाच पेनाने बॅगा मारतात." फाकलेल्या चेनमधून तिने चामडं ओढलं, हळूहळू, कोपरे अंगठ्याने ढकलत, आणि तपकिरी बॅग सुलटी होऊन बाहेर आली. रनर एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला नेला, की दाते पुन्हा जुळले. एवढंसंही व्यंग दिसत नव्हतं.

"तुम्हाला कधी कळलं?" शकूने विचारलं.

"लग्नात. हिची नखं बघितली होती का? त्या नखांनी लोणच्याची बरणी उघडत नाय, चामडं काय ठोकणार?" विमलबाई मशीनच्या कडेला टेकली. "माझं माहेर पेणचं हाय. मीपण रुखवत विकतचंच मांडलं होतं. पण हा हात कुणाचा, ते कुणी सांगेना. तोंडं शिवलेली तुमच्या गावातल्या बायकांची. मग म्हटलं, सुनेला बॅग शिवायला बसवू. खरी शिवणारी आपसूक येईल."

मनालीने सासूकडे आ वासून बघितलं. "म्हणजे दूध?"

"दूध उतू जात नव्हतं. मीच गॅस मोठा केला होता."

मग विमलबाई शकूकडे वळली, आणि तिचा सूर बदलला. "फळी तुमची. पण माझ्या दुकानात खोटं नाव लागणार नाय. तुमच्या नावाने विकायची, तर पेणात आठ दिवसांत समजेल. मग रुखवताला तुमच्याकडे कोण येणार, ते तुम्ही बघा. जाऊबाई बाहेर बसल्यायत. त्यांना कळलं म्हणजे सगळ्या रोहा तालुक्याला कळलं. मी काय बोलणार नाय. तुम्ही काय ते सांगा."

तिघी ओटीवर आल्या. मोठ्या जाऊबाईंनी बॅग घेतली, खांद्याला लावली, आरशात बघितली. "काय देखणी शिवलीय गो! कुणी शिवली?"

मनाली मान खाली घालून उभी होती. शकूने तिच्याकडे बघितलं. बारा वर्षं ज्या वाक्याने घर चाललं, ते वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. मनालीने शिवली. दोन शब्द, आणि सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. तिने तोंड उघडलं.

"मी," शकू म्हणाली.

स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली. मग जास्तच मोठ्याने म्हणाली, "मी शिवली. लग्नातलीपण मीच शिवली."

मनालीने मान वर केली, आणि शकूला वाटलं ही आता रडणार. पण मनालीने एवढा मोठा श्वास सोडला की मोठ्या जाऊबाई दचकल्या. "सुटले बाई!" ती म्हणाली. "आई, आता दहा बॅगा मला नाय ना शिवाव्या लागणार?"

"नाय. तू दुकानात बसून विकायच्या. तोंड चालतं तुझं, ते कळलं मला आज. गुडघ्याचा व्यायाम!" विमलबाई हसायला लागली ती थांबेना.

मोठ्या जाऊबाई मात्र हसत नव्हत्या. त्यांच्या डोक्यात काहीतरी सावकाश फिरत होतं. त्यांनी बॅग मांडीवर ठेवली, शकूला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्ही पेणच्या ना? मग आमच्या सुरभीचं ते मोरांचं तोरण?"

विमलबाईने श्वास रोखला. मनालीने डोळे मिटले.

शकूने पदर सावरला. तिला इतकं हलकं वाटत होतं, आणि इतका आनंद होत होता, की खोटं बोलायला तिला अजिबात जड गेलं नाही.

"ते तुमच्या सुनेनेच केलंय," ती म्हणाली. "मला नाय बाई इतके चांगले मोर जमत."