चार वर्षांची बॅटरी

सहदेवच्या नाकावर राग कायमच असे, पण त्या रविवारी त्याच्याकडे भरभक्कम कारण होतं. सख्ख्या भाच्याने त्याला चोर ठरवलं होतं, आणि तेही दिंडोशीच्या अख्ख्या कॉलनीच्या ग्रुपवर, ज्यात तो स्वतःही होता.

'जीपची बॅटरी पुन्हा बसली. पहिली चौदा महिने, दुसरी तेरा. सहदेव बॅटरीजमधला माल बघून घ्या. मामा आहे म्हणून आजवर गप्प होतो.' हे हर्षदने लिहिलं होतं. त्याखाली कोणी हात जोडले होते, कोणी तोंडावर बोट ठेवलं होतं, आणि तीन नंबरच्या बिल्डिंगमधल्या एकाने नुसतं 'तरीच' एवढंच लिहिलं होतं. तो शब्द वाचून सहदेवच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिव्या परवडल्या. तरीच म्हणणारा माणूस कधीपासून मनात धरून बसलेला असतो.

बापाची गिरणी बंद पडली तेव्हा सहदेव बावीस वर्षांचा होता. त्याने हायवेलगत एक टपरी घेतली आणि बॅटऱ्या चार्ज करायला लागला. ॲसिडने शर्टाची चाळण झाली, बोटांची सालं गेली, पण तेहतीस वर्षांत कुणाला जुनी बॅटरी नवी म्हणून दिली नाही. त्याच्याकडे जाहिरात नव्हती, जबान होती. डिझेल जीप आली की तो म्हणायचा, "चार वर्षं. त्याच्याआधी बसली तर माझं नाव सांगायचं नाही." लोक त्या वाक्यावर बॅटरी घेऊन जात. आता त्याच नावावर घरातल्या पोराने शेण फासलं होतं. हर्षदची पहिली बॅटरी बसली तेव्हा मामाने चकार शब्द न काढता दुसरी बसवून दिली होती, त्याची ही परतफेड.

सकाळी सात वाजता तो मीटरची पिशवी घेऊन कॉलनीत हजर झाला. हर्षद डोळे चोळत खाली आला. एकोणतीस वर्षांचा घोडा. आठवडाभर पवईच्या ऑफिसला कंपनीच्या बसने जायचा आणि महिन्यातून एखाद्या रविवारी ही जीप डोंगरात नेऊन चिखलात लोळवून आणायचा. एरवी ती आवारात उभी. टपावर दिव्यांची अशी रांग की गणपतीचा मंडप मागे पडावा.

"मामा, एवढ्या सकाळी भांडायला आलास?"

"भांडायला नाय, तपासायला. भांडण नंतर करू. बॉनेट उघड."

सहदेवच्या मनात पक्कं होतं की घोटाळा त्या टपावरच्या दिव्यांत असणार. कुठल्या तरी गॅरेजवाल्याने वायर चुकीची जोडली असणार आणि गाडी बंद असतानाही वीज गळत असणार. कालच्या जंपस्टार्टनंतर हर्षदने रात्रभर चार्जर लावून बॅटरी कशीबशी उठवली होती. सहदेवने बॅटरीच्या जाड केबलला मीटरचा चिमटा लावला. किती वीज बॅटरीत येते आणि किती बाहेर जाते, ते त्यात कळतं. गाडी बंद होती आणि मीटरवर जवळजवळ शून्य. त्याने एकेक फ्यूज काढून बघितला, टर्मिनल घासून पुसले, हात कोपरापर्यंत काळे केले. गळती कुठेच नव्हती.

"झालं?" हर्षद फेंडरला टेकून म्हणाला. "वायरिंग ओके. मग राहिलं काय? बॅटरीच डुप्लिकेट ना, यार."

"यार कोणाला म्हणतोस रे? कानाखाली काढीन." सहदेवचा आवाज चढला. वरच्या दोन खिडक्या उघडल्या. आपलेच दात नि आपलेच ओठ, तोडायचे कुठले? बाहेरचा कोणी असता तर आतापर्यंत त्याची गचांडी धरली असती.

तेवढ्यात जिन्यातून सुगंधाआक्का उतरली. सहदेवची थोरली बहीण, हर्षदची आई. एका हातात उदबत्ती, दुसऱ्या हातात जीपची चावी. गुडघे गेलेले, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत तिसऱ्या मजल्यावरून खाली आलेली. भावाला बघून ती हसली.

"सहदेवा, चाय घेतलंस की नाय? थांब, माझं एवढं होऊ दे."

ती ड्रायव्हरच्या जागेवर चढली आणि चावी फिरवली. सेल्फ दोनदा कण्हला, तिसऱ्या वेळी इंजिन लागलं. मग तिने पुढचे दिवे लावले, टपावरची रांग पेटवली, पंखा पूर्ण सोडला. खाली उतरून बॉनेटभोवती उदबत्ती ओवाळली आणि हात जोडून उभी राहिली.

सहदेवची नजर मीटरवर गेली. आकड्याच्या आधी वजा होतं. इंजिन चालू असूनही दिव्यांना आणि पंख्याला पुरेल एवढी वीज तयार होत नव्हती, उरलेली बॅटरीतूनच ओढली जात होती. सेल्फने घेतली ती तर गेलीच होती. पाच मिनिटं झाली, आक्काने सगळं बंद करून चावी काढली. आत काही भरलं नव्हतं, उलट अजून गेलं होतं.

"हे तू रोज करतेस?"

"रोज. एक दिवस चुकवलं नाय."

सहदेवचा तोल सुटला. रात्रभर आत साठलेलं सगळं बाहेर पडलं. "अगो, रोज पाच मिनिटं चालू करून बंद करतेस, वर दिवाळी करतेस, बॅटरी जगणार कशी? एकदा स्टार्ट केली तर अर्धा-पाऊण तास पळवायला लागते, तेव्हा कुठे घेतलेलं परत भरतं. नायतर हातच लावायचा नाय. कुठल्या दीडशहाण्याने सांगितलं तुला हे?"

आक्काला वाटलं असावं की तो थट्टा करतोय.

"तूच सांगितलंस मा रे."

"मी?"

"ह्यांचा टेम्पो होता तेव्हा. सकाळी पाच मिनिटं चालू ठेव, दिवे-पंखा सगळं लावून बघ, म्हणजे बिघाड आधीच कळतो. आणि लॉकडाऊनमधे तर ग्रुपवरच लिहिलंस. मी ह्याला विचारलं, हा म्हणाला, मामा सांगतो ते कर."

टेम्पो दिवसभर मार्केटच्या फेऱ्या मारायचा. सकाळच्या पाच मिनिटांत गेलेलं दुपारपर्यंत भरून यायचं. तो सल्ला टेम्पोला बाधला नाही म्हणून सहदेवने तो पंचवीस वर्षं प्रत्येकाला दिला होता. आक्काचं म्हणणं एका शब्दाने खोटं नव्हतं.

हर्षदचा चेहरा मात्र एकदम मोकळा झाला. त्याने फोन काढला. "मग सुटला ना विषय. मामा, मी आत्ता क्लिअर करतो. बॅटरी ओरिजिनल होती, आईच्या चुकीमुळे गेली. पाठवू?"

"पाठव," आक्का म्हणाली. "माझं काय जातंय? त्याचं दुकान आहे."

एक क्षण सहदेवला ते हवंहवंसं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. नाव धुऊन निघत होतं, आणि बहीण आपणहून पाणी घालायला तयार होती. मग त्याचं लक्ष तिच्या गुडघ्याकडे गेलं. जिना चढायच्या आधी ती तो दोन्ही हातांनी दाबत होती. त्याला स्वतःची जेवढी चीड आली, तेवढी ना भाच्याची आली होती ना त्या तरीचवाल्याची.

"पूस ते," तो हर्षदला म्हणाला. "आणि तुला लाज वाटायला पाहिजे. आई रोज तीन मजले उतरते नि तू वर झोपलेला. गाडी तुझी ना?"

हर्षदने लिहिलेलं पुसून टाकलं.

सहदेवने स्वतःचा फोन काढला. काळ्या बोटांनी अक्षरं धड उमटेनात. त्याने लिहिलं, 'हर्षदच्या बॅटऱ्या माझ्या चुकीच्या सल्ल्याने गेल्या. उभी गाडी रोज पाच मिनिटं चालू करू नका. ज्यांना ज्यांना मी असं सांगितलं, त्यांच्या बॅटऱ्याही त्यानेच गेल्या असतील. सहदेव.'

पाठवल्यावरच त्याला त्या शेवटच्या वाक्याचं वजन कळलं. लॉकडाऊन उठल्यावर दुकानासमोर रांग लागली होती. ज्याची-त्याची बॅटरी बसलेली. गाड्या उभ्या राहिल्या की असंच होणार, असं म्हणत त्याने एकेकाला नवी बसवून दिली होती, आणि वर पुन्हा तोच सल्ला दिला होता. त्या वर्षीच्या विक्रीवर त्याने दुकानाला शटर बसवलं होतं.

फोन वाजायला लागला. चार नंबरमधले विद्याधर काका: 'मलाही तुम्हीच सांगितलं होतं.' मग सहा नंबरची अबोली: 'मलासुद्धा. दोन बॅटऱ्या गेल्या.' मग आणखी एक, आणखी दोन. हर्षद म्हणाला, "मामा, बंद कर फोन. थंड होतील."

सहदेव जीपच्या पायरीवर बसला. पहिल्या निरोपाखाली त्याने लिहिलं, 'हो, मीच.' मग दुसऱ्याखाली तेच. आक्का चहा आणायला वर निघाली होती. तो ओरडला, "आक्का, तू चढू नकोस. हा जाईल." आणि पुढच्या निरोपाखाली पुन्हा तेच लिहायला लागला.